शिट्टी खिशात, डिस्क हातात

पत्र: मी सोलापुरातल्या एका शाळेत सातवी-आठवीला शारीरिक शिक्षण शिकवते. वर्गात ५६ मुलं-मुली, आठवड्याला ४० मिनिटांचे दोन तास, मुरमाचं साधारण ६० बाय ४० मीटरचं मैदान. कबड्डी, खो-खोत दर वर्षी तीच ठरावीक मुलं पुढे येतात, म्हणून यंदा अल्टिमेट फ्रिसबी सुरू केलं, म्हणजे चकतीसारखी डिस्क एकमेकांकडे फेकत पलीकडच्या टोकाला झेलायचा खेळ. शाळेकडे दोन डिस्क आहेत. सात-सातच्या टीम पाडून सामना लावला, पण डिस्क डुगडुगत चार पावलांवर पडते. चार मुलगे सोडले तर कुणाच्या हाताला ती लागत नाही, मुली कडेला उभ्या राहतात. रेफरी नसतो म्हटल्यावर तर दर मिनिटाला भांडण. मुख्याध्यापक विचारतात, हा खेळ आहे की गोंधळ? कुठून सुरुवात करू?
– एक क्रीडाशिक्षिका, सोलापूर

उत्तर:

मॅडम, तुमच्या तिन्ही अडचणींचं मूळ जवळपास एकच आहे. सामना फार लवकर आला आणि डिस्क फार कमी पडल्या. भांडणांचा प्रश्न थोडा वेगळा आहे, त्याकडे शेवटी सविस्तर येऊ.

आधी डिस्कचा हिशेब करू. दर पाच-सहा सेकंदांना एक थ्रो धरला तर २० मिनिटांत एका डिस्कचे दोनशेच्या वर थ्रो होतात. दोन डिस्कवर ५६ मुलं असतील तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम सात-आठ येतात. चार मुलांत एक डिस्क दिली तर प्रत्येकाचे पन्नासच्या वर होतात. मनगटाचा झटका पन्नास वेळा दिल्याशिवाय बसत नाही, आठ वेळांत कुणालाच बसत नाही. म्हणून मुख्याध्यापकांकडे मागणी करायची असेल तर १४ डिस्कची करा. मैदान वाढवून मागण्यापेक्षा हा खर्च जास्त कामाला येईल.

डिस्क सामन्याची हवी, १७५ ग्रॅम वजनाची आणि साधारण २७ सेंटिमीटर व्यासाची. खेळण्यांच्या दुकानातली पातळ, हलकी फ्रिसबी घेऊ नका. तिच्या कडेला वजन नसतं, त्यामुळे फिरकी टिकत नाही आणि थोड्या वाऱ्यातही ती भरकटते. मुलांना वाटतं आपल्यालाच जमत नाही. पाचवी-सहावीच्या लहान हातांसाठी १४५ ग्रॅमची मिळते, पण सातवी-आठवीला १७५ चीच द्या. वाऱ्यात जड डिस्क जास्त सरळ जाते.

डिस्क येईपर्यंत तास वाया घालवू नका. शाळेच्या क्रीडासाहित्यात टेनिकॉइटच्या रिंग असतीलच. रिंग डिस्कसारखी उडत नाही, पण खेळाचे निम्मे नियम तिच्यावर शिकवता येतात: हातात असताना धावायचं नाही, एक पाय रोवून दुसऱ्याने फिरायचं, पलीकडच्या पट्ट्यात झेल घेतला की गुण, खाली पडली की दुसऱ्या टीमची. हे अंगवळणी पडलं की डिस्क हातात आल्यावर मुलांचं सगळं लक्ष थ्रोकडे राहतं.

आता थ्रो. पहिले तीन तास फक्त बॅकहँड (हात अंगासमोरून आडवा नेत फेकायचा थ्रो) आणि झेल, सामना नाही. मैदानाच्या ६० मीटर लांबीत दर ४ मीटरवर एक असे १४ गट बसतात. गटात दोन मुलं इकडे, दोन समोर, मध्ये ५ मीटर अंतर, आणि सगळ्यांचे थ्रो मैदानाच्या रुंदीच्या दिशेने. आडवेतिडवे गट उभे केले तर कुणाच्या तरी डोक्यात डिस्क बसणार.

उजव्या हाताच्या मुलासाठी क्रम असा. डावा पाय जमिनीत रोवलेला, उजवा पाय पुढे, उजवा खांदा जोडीदाराकडे. अंगठा डिस्कच्या वर, चारही बोटं खाली कडेच्या आत घट्ट दुमडलेली. डिस्क पोटाजवळ डावीकडे आणायची, कोपर आधी पुढे येतं, मग हात, आणि अगदी शेवटी मनगट. थ्रोनंतर बोट जोडीदाराच्या छातीकडे राहायला हवं. डावखुऱ्या मुलांना हे सगळं आरशात पाहिल्यासारखं उलटं करून दाखवा. त्यांना उजव्या हाताने फेकायला लावू नका, टीमला डावखुरा खेळाडू फार उपयोगी पडतो.

डुगडुगण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, फिरकी कमी आणि जोर जास्त. मुलं खांद्यातून हात फिरवतात, मनगट ढिलं राहतं. मग डिस्क पुढे जाते पण स्वतःभोवती फिरत नाही, आणि न फिरणारी डिस्क हवेत स्थिर राहत नाही. "जोरात टाक" म्हणाल तर डुगडुग वाढेल. "हळू टाक, पण फिरव जास्त" म्हणा. फिरकी डोळ्यांना दिसावी म्हणून डिस्कच्या वरच्या बाजूला रंगीत चिकटपट्टीची फुली मारा. नीट फिरली तर फुली पुसट होऊन गोल दिसते, फुलीचे हात वेगवेगळे दिसले तर मनगट लागलेलं नाही. मुलांना ही खूण लगेच कळते आणि ती एकमेकांना सांगू लागतात.

बाकीच्या चुका डिस्क कुठे पडली त्यावरून ओळखता येतात. उजव्या हाताच्या बॅकहँडला डिस्क डावीकडे गेली तर ती हातातून लवकर सुटली, उजवीकडे गेली तर उशिरा. वर चढून थांबली आणि मागे सरकत पडली तर सुटताना पुढची कड वर होती. उजवीकडे कलंडून जमिनीत घुसली तर बाहेरची कड, म्हणजे हातापासून लांबची कड, वर राहिली होती. या शेवटच्या चुकीवर उपाय सोपा आहे: सोडताना बाहेरची कड किंचित खाली. एका मुलाला एका वेळी एकच दुरुस्ती सांगा. दोन सांगितल्या की दोन्ही बिघडतात.

झेल सुरुवातीला दोन्ही हातांनीच, छातीसमोर, एक तळवा वर आणि एक खाली, मध्ये साधारण वीतभर अंतर. डिस्क मध्ये आली की दोन्ही हात बंद. नवशिकी मुलं हात फार लांब ठेवतात, मग टाळी वाजायच्या आत डिस्क निघून जाते. दोन्ही हातांनी कड पकडणं दुसऱ्या आठवड्यात घ्या: डोक्याच्या वर असेल तर अंगठे खाली, गुडघ्याखाली असेल तर अंगठे वर. हे उलटं झालं की बोटांची टोकं दुखावतात, आणि एकदा बोट दुखलं की ते मूल महिनाभर डिस्कपासून लांब राहतं. नखं कापलेली आणि बांगड्या-कडी काढलेली असतील हे तासाच्या सुरुवातीलाच पाहा.

५ मीटरवर दहापैकी सात झेल व्हायला लागले की अंतर ८ मीटर करा, मग १०, मग १२. बारावर नीट जमलं की वर्गापुरतं पुरे आहे. एका मिनिटात कुठल्या गटाचे सर्वांत जास्त झेल होतात एवढी स्पर्धा ठेवली तरी वर्ग रंगतो.

फोरहँड (फेकणाऱ्या हाताच्याच बाजूने टाकायचा थ्रो) चौथ्या तासाला आणा, त्याआधी नाही. तर्जनी आणि मधलं बोट डिस्कच्या खाली, मधल्या बोटाचं पोट कडेला आतून दाबलेलं, अंगठा वर. कोपर बरगडीजवळ, तळवा आकाशाकडे. मग ओला टॉवेल झटकतो तसा मनगटाचा छोटा झटका. मुलांना एक गुडघा टेकून बसवा आणि ३-४ मीटरवरच टाकायला लावा. बसल्यावर अंग फिरवता येत नाही, त्यामुळे मनगट आपोआप कामाला लागतं. इथेही बाहेरची कड वर गेली की डिस्क उलटते. फोरहँडला नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक हीच, म्हणून तळवा वर आहे का तेवढं बघत फिरा. काही मुलांना महिनाभर जमणार नाही. त्यांना बॅकहँडवरच सामना खेळू द्या.

वाऱ्याबद्दल सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. जून-जुलैत पाऊस येवो न येवो, वारा असतोच. समोरून वारा असेल तर डिस्क वर उचलली जाते, पाठीमागून असेल तर खाली दाबली जाते. समोरच्या वाऱ्यात थ्रो कमी उंचीवर, पुढची कड किंचित खाली आणि फिरकी जास्त. पाठच्या वाऱ्यात थोडा वर. पहिले तीन तास मात्र शाळेच्या इमारतीच्या आडोशाला घ्या, नाहीतर मुलाला कळतच नाही की चूक हाताची होती की वाऱ्याची. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते, त्या आठवड्यात नवा थ्रो शिकवायला घेऊ नका, उजळणीच घ्या. मार्चनंतर उन्हाच्या आधीचाच तास मागून घ्या आणि दर दहा मिनिटांनी पाणी द्या. डिस्कही उन्हात किंवा पत्र्यावर ठेवू नका, त्या वाकतात. सपाट ठेवा. मुरमावर घासून कडेला खरखरीत चरे पडतात आणि बोटं कापतात, तिथे बारीक पॉलिश पेपर फिरवा.

आता ती चार मुलं. पूर्ण मैदानाचा सामना १०० बाय ३७ मीटरवर, दोन्ही टोकांना १८-१८ मीटरचे एंड झोन (जिथे झेल घेतला की गुण मिळतो ते पट्टे) आणि सात-सात खेळाडू, असा असतो. तो मोठ्यांचा आकार आहे. १३ वर्षांच्या मुलांना तेवढ्या जागेत सोडलं की वेगवान चौघं पळतात आणि बाकीचे बघतात. तुमच्या मैदानावर फक्कीने चार उभ्या पट्ट्या आखा: प्रत्येकी १३ मीटर रुंद, ४० मीटर लांब, मध्ये २-२ मीटर मोकळे, दोन्ही टोकांना ६ मीटरचा एंड झोन. सात-सातच्या आठ टीम पाडा, एका पट्टीवर दोन. प्रत्यक्ष खेळात चार-चार, बाकीचे तीन एंड झोनच्या मागे उरलेल्या डिस्कवर थ्रोचा सराव करतील. एक गुण झाला की बदल.

"गोलआधी सगळ्यांचा हात लागलाच पाहिजे" असा नियम बऱ्याच ठिकाणी लावतात. तो आम्हाला पटत नाही. शेवटचा हात कुणाचा राहिलाय ते समोरच्या टीमला दिसतं, सगळे त्याच मुलीला घेरतात आणि तिच्या हातून डिस्क पडली की दोष तिलाच. त्यापेक्षा एवढं करा: जो गोल झेलेल तो पुढचा गुण बाहेर बसेल. राखीव तीन आहेतच. वेगवान मुलाला काही गुणांतच उमजतं की आपण पास दिला तर आपण आत राहतो.

प्रत्येक चौकडीत दोन मुली, दोन मुलगे ठेवा आणि बचावात मुलीसमोर मुलगी. गुणाची पहिली डिस्क मुलीच्या हातात द्या. अल्टिमेटमध्ये पहिला पास देणारी खेळाची चाल ठरवते, त्यामुळे तिला टाळून खेळ पुढे जाऊच शकत नाही. सामन्यात गुणाची सुरुवात एका गोलरेषेवरून दुसरीकडे लांब थ्रोने होते, पण या वयात तो थ्रो शेजारच्या पट्टीत जातो. सध्या डिस्क गोलरेषेवर ठेवूनच सुरू करा. गुण झाल्यावर टीमनी बाजू बदलायच्या, म्हणजे वाऱ्याचा फायदा-तोटा दोघांना सारखा.

"इकडे, इकडे" म्हणत सगळे डिस्कभोवती जमा होतात ही दुसरी नेहमीची अडचण. गर्दीत थ्रो जाईल कुठे? डिस्कवाल्यापासून सहा-सात मीटर पुढे बाकी तिघांना एकामागे एक रांगेत उभं करा. सगळ्यांत मागचा तिरका पळत मोकळ्या जागेत येईल, बाकीचे दोघं थांबतील. दोन-तीन सेकंदांत पास आला नाही तर तो बाजूने परत रांगेच्या मागे जाईल आणि पुढचा निघेल. एका वेळी एकच जण पळणार. थ्रो मात्र त्याच्या अंगावर टाकायचा नाही, तो पोचणार असेल त्या जागी टाकायचा. हे एक-दोन तास बचावाशिवाय करून घ्या, मग बचाव आणा.

नियमांपैकी तुम्हाला लागणारे एवढेच. झेल घेतल्यावर शक्य तितक्या लवकर थांबायचं; वर्गापुरतं "तीन पावलांत" म्हणा. रोवलेला पाय हलला की ट्रॅव्हल, म्हणजे पावलांची चूक. समोरचा बचाव करणारा "स्टॉलिंग" म्हणून एक ते दहा मोजतो. अंक सेकंदाच्या अंतराने, आणि दहा उच्चारायच्या आत डिस्क सुटली नाही तर ती दुसऱ्या टीमची. डिस्कवाल्याच्या ३ मीटरमध्ये एकच बचावपटू; दुसरा तेव्हाच येऊ शकतो जेव्हा तो समोरच्या टीमच्या दुसऱ्या खेळाडूला सांभाळत असेल. मोजणाऱ्याने डिस्कच्या व्यासाएवढं तरी अंतर ठेवायचं. बाहेरची रेषा म्हणजे बाहेर. अंगाला अंग लावायचं नाही. मोजणी मोठ्याने आणि एकाच भाषेत ठेवा. सोलापूरच्या वर्गात तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी सगळ्या भाषा असतात, आणि "आठ म्हणालास की नऊ" यावरून उगीच भांडण होतं. मुरमावर झेपावून झेल घ्यायला पहिल्या दिवसापासून बंदी, गुडघे आणि कोपर सोलून निघतात.

आणि आता भांडण. या खेळात रेफरी नसतो ही काही शाळेपुरती सवलत नाही. जागतिक संघटनेच्या नियमांनुसार होणाऱ्या सामन्यांतही खेळाडूच आपले फाऊल सांगतात. त्यामुळे भांडण मिटवणं हे थ्रोइतकंच शिकवावं लागणारं कौशल्य आहे. तुम्ही थ्रोसाठी तीन तास द्याल, तसा यासाठी एक पूर्ण तास द्या आणि त्यात मुद्दाम खोटे फाऊल लावून सराव घ्या. क्रम असा. ज्याला धक्का लागला तोच "फाऊल" म्हणेल, त्याच्या वतीने मित्र नाही. शब्द ऐकला की सगळे आहेत तिथे थांबतील. फक्त दोघं बोलतील, प्रत्येकजण एकदाच, काय पाहिलं किंवा काय लागलं तेवढंच. समोरच्याने मान्य केलं तर ज्याच्यावर फाऊल झाला त्याला डिस्क. पास झेलताना फाऊल झाला आणि मान्य नसेल तर डिस्क ज्याने टाकली होती त्याच्याकडे परत, आणि तोच थ्रो पुन्हा. वर्गात या सगळ्याला २० सेकंद द्या. रेषेच्या बाबतीत जो सर्वांत जवळून पाहत होता तो सांगेल, लांबचे गप्प.

थ्रो पुन्हा घेण्याच्या सोयीमुळे बराच तणाव निवळतो. कुणी हरलेलं नसतं, कुणाला खोटारडं ठरवलेलं नसतं. मुलांना हे पटायला वेळ लागतो, कारण त्यांना सवय आहे सरांकडे किंवा मॅडमकडे धावत जायची. म्हणून शिट्टी फक्त सुरुवातीला, शेवटी आणि कुणाला लागलं तर. मुलगा धावत आला की निकाल देऊ नका. "तू काय पाहिलंस? हे त्याला सांगितलंस का?" एवढंच विचारा आणि परत पाठवा. एकदा जरी तुम्ही निकाल दिला तर पुढच्या तासाला पुन्हा तुमच्याभोवती रांग लागेल. शिवीगाळ किंवा मारामारी झाली तर मात्र लगेच मध्ये पडा, ते खेळाडूंवर सोपवायचं काम नाही.

सामना संपला की दोन्ही टीम मिसळून, खांद्यावर हात ठेवून गोल करतील आणि प्रत्येक टीम दुसरीबद्दल एक चांगली गोष्ट आणि एक सुधारण्याची गोष्ट सांगेल. मग एकमेकांना खिलाडूवृत्तीचे गुण. अधिकृत पद्धतीत पाच बाबी असतात: नियमांचं ज्ञान आणि वापर, फाऊल आणि अंगाला लागणं, निःपक्षपणा, सकारात्मक वृत्ती आणि आत्मसंयम, संवाद. प्रत्येकीला ० ते ४. २ म्हणजे नेहमीसारखं चांगलं, त्यामुळे एकूण २० पैकी १० हे काही कमी गुण नाहीत. हे मुलांना आधीच समजावा, नाहीतर १० मिळाले म्हणून टीम रुसते. सातवीला पहिल्या महिन्यात तीनच बाबी घ्या. गोलांच्या तक्त्याशेजारी हा तक्ता वर्गात लावा, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत.

मुख्याध्यापकांसाठी दोन मुद्दे. हा खेळ १९६८ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मेपलवुड गावच्या कोलंबिया हायस्कूलमध्ये विद्यार्थ्यांनीच सुरू केला, आणि ते शाळेच्या पार्किंगच्या जागेत खेळत. त्यामुळे मैदान लहान ही अडचण होत नाही. खेळाच्या जागतिक महासंघाला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची पूर्ण मान्यता २०१५ मध्ये मिळाली, मात्र अल्टिमेट ऑलिंपिकमध्ये खेळलं जात नाही. दोन्ही गोष्टी एकत्रच सांगा, अर्धवट सांगितल्या तर पुढे प्रश्न येतील.

मूल्यमापनाला १० मीटरवरून दहा थ्रो घ्या. जोडीदाराला एका पावलापेक्षा जास्त न हलता झेलता आले तेवढे मोजा. बॅकहँडला सहा म्हणजे सातवीसाठी चांगलं. याची नोंद पहिल्या आणि आठव्या आठवड्यात करा. मुख्याध्यापकांना सामना बघायला बोलवायचं असेल तर आठव्या आठवड्यानंतरच, आणि त्या दिवशीही शिट्टी खिशातच असू द्या.